कॅनवर बसलेली बाई

प्रिय धाकट्या,

तुझी मालिका काल संपली. सगळे भाग पाहिले. जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये बायका रोज विचारतात, पाणी प्यायचंय, तुमची परवानगी आहे ना? मी हसण्यावारी नेते.

आपली बोट तू हुबेहूब उभी केली आहेस. भर समुद्रात बंद पडलेलं इंजिन, त्याच्याशी दिवसभर झटणारा मिस्त्री, ताडपत्रीची हातभर सावली, आणि पाण्याच्या कॅनवर बसून राहिलेली थोरली बहीण. भाऊ तिच्या पाया पडतो, ती मान वळवते. मिस्त्री तापानं फणफणलेला, तरी ती त्याला झाकणभरच देते. हे खरं आहे. मी तशीच बसले होते.

पण तिसऱ्या दिवशी तू स्वतः कॅन उचलून माझ्यापुढे ठेवलास, ते कुठे गेलं? "ताई, तू यावर बस. मी रडलो, पाया पडलो, तरी देऊ नकोस." मिस्त्रीनंही मान डोलावली होती. तेवढंच काढलंस आणि मी राक्षसीण झाले. केलेलं ठेवायचं, का केलं ते पुसायचं. इतकं सोपं असतं हे मला ठाऊक नव्हतं. तेही मी गिळलं असतं. गोष्टीला कोणीतरी वाईट लागतं, म्हटलं, घरचीच बरी.

शेवटच्या भागात मात्र, दुपारी दोघांचा डोळा लागलेला पाहून ती कॅनला तोंड लावते. धाकट्या, डोळा माझा लागला होता. जाग आली तेव्हा तुझी हनुवटी ओली होती आणि कॅन जवळजवळ रिकामा. मिस्त्री दोन दिवसांनी गेला. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला दुसऱ्या बोटीनं पाहिलं.

मिस्त्रीच्या बायकोला मी सांगितलं, कॅनला चीर गेली होती, पाणी गळून गेलं. बारा वर्षं ती माझ्या शेजारी बसून जाळी शिवते आहे. आज दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. सुटी झाल्यावर जवळ आली. आवाज चढवला नाही. "ताई, चीर खरंच गेली होती का?"

रविवारी घरी ये, म्हटलं. येईन म्हणाली. तिच्यासमोर तू बसावंस, म्हणून हे पत्र. आला नाहीस तर मीच सांगेन. सगळं सांगेन, माझा डोळा लागला तिथपासून.

अजून तरी तुझीच,
ताई