चवरीवाला आमचा कुणी नव्हता

मी शिवशंकर धुळाप्पा घोडके, वय ७८, निवृत्त शिक्षक, राहणार अणदूर, ता. तुळजापूर, जि. धाराशिव. डोकं ठिकाणावर आहे, चौथीच्या कविता अजून तोंडपाठ आहेत, आणि कुणाचा दबाव नाही. सबब हे माझ्या हातानं लिहून ठेवतो.

१. राहतं घर, शेत व बँकेतली ठेव पत्नी हरणाबाई यांना. त्यांच्यामागं मुलगा सोमेश यास. यात वाद नाही.

२. कवितांची पुस्तकं नात हर्षालीस. चाल लावून म्हणावीत, मनात वाचू नयेत.

३. दरबाराचं तैलचित्र. निजामी संपताना वडिलांना जहागीरदारांकडून मिळालं. दीडशे वर्षांपूर्वी कुण्या गोऱ्या साहेबानं काढलेलं. राजा, नर्तकी, दाराशी दारवान, राजामागं चवरी ढाळणारा. तो आमचा खापरपणजा, असं वडील सांगत. दर पित्राला त्याच्यापुढं पान ठेवायचो. मी ओळीही जुळवल्या होत्या:

चवरी ढळे राजावर,
वारा आमच्या अंगावर.

१९९४ च्या पित्राला धाकटा भाऊ उत्तरेश्वर, राहणार जळकोट, म्हणाला, "आण्णा, एक साल चित्र माझ्याकडं राहू द्या. पूर्वज काय तुमच्या एकट्याचा व्हय?" मी म्हणालो, "भिंत माझी, पूर्वज माझा." तो अर्ध्या पानावरून उठला. एकतीस वर्षं आला नाही. चूक माझी होती.

यंदा उन्हाळ्यात माझी जुनी विद्यार्थिनी वर्षाराणी आली. ती जुनी चित्रं दुरुस्त करते. चित्रावरची काजळी पुसून म्हणाली, "गुर्जी, तिघांची नाकं बघा." राजा, दारवान, चवरीवाला: एकच माणूस, दाढ्या बदलून बसवलेला. कापडामागं साहेबाच्या हातचं लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं. चित्र विलायतेत काढलं, माणूस रोजानं आणला.

त्याच दिवशी जळकोट गाठलं. उत्तरेश्वरनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी रोजंदारीच्या माणसाला आपुन खीर चारत होतो?" दोघं पोट धरून हसलो. छातीवरचा धोंडा उतरला.

पित्राला तो आला. "वहिनी, एकतीस सालाची खीर हाय, गरम करून वाढा." पान चाटूनपुसून उठला.

चित्र त्यालाच द्यायचं होतं, आणि या कागदावर साक्षीलाही तोच हवा होता. वकीलबाई म्हणाल्या, घेणाऱ्यानं साक्षीला नसावं. तो म्हणाला, "मग शाळेला द्या. मी सही करतो. कागदावर बापाचं नाव दोनदा येतंय."

सबब चित्र गावच्या शाळेस. मुलांनी बघून ओळी जुळवाव्यात.

४. माझ्या पित्राला पहिलं पान उत्तरेश्वरला वाढावं. तो उठेपर्यंत कुणी काही बोलू नये.

अणदूर, १३ ऑक्टोबर २०२५

सही: शिवशंकर धुळाप्पा घोडके

साक्षीदार:
उत्तरेश्वर धुळाप्पा घोडके, जळकोट
महालिंगप्पा बसवणप्पा करपे, अणदूर