घरी न्यायचं पुस्तक

८ जुलै, मंगळ.
पहिली-दुसरी यंदाही एकत्र, माझ्याकडेच. अर्धी सकाळ ऑनलाइन माहिती भरण्यात गेली, तोवर पोरं एकमेकांच्या अंगावर. शेवटी कपाट उघडून चित्रगोष्टींची पुस्तकं बाहेर काढली. फाटतील म्हणून गेलं वर्षभर कुलपात होती. मुख्याध्यापक सर म्हणाले, फाटली तर जबाबदारी तुमची. म्हटलं, बरं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

खेकडा घर शोधत फिरतो, ती गोष्ट वाचली. पहिलीतल्या तनयाने शब्दावर बोट ठेवलं. "चिंबोरी." लिहिलेलं खेकडा, पण त्यांच्या घरी चिंबोरीच म्हणतात. दुरुस्त केलं नाही. शाळा सुरू झाल्यापासून वर्गात तिचा हा पहिला शब्द.

११ जुलै, शुक्र.
प्रत्येकाला एकेक पुस्तक घरी दिलं. घरच्यांनी रोज वाचून दाखवायचं, शब्दांखालून बोट फिरवत. पालकांच्या ग्रुपवर तसा मेसेज टाकला. तनयाने खेकड्याचंच उचललं.
शाळा सुटल्यावर गव्हाणहून घरी येताना पनवेलपर्यंत रिक्षात झोपले. शेजारच्या बाईने उठवलं.

१५ जुलै, मंगळ.
शाळा सुटल्यावर तनयाचे वडील आले, हरेश. तळोज्याला कंपनीत आहेत, शिफ्टवर. बायको पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसते, ती घरी पोचते तेव्हा पोर झोपलेली असते. म्हणजे वाचायचं काम यांच्याकडे. आधी पावसाचं बोलले, मग रस्त्याच्या खड्ड्यांचं. मी मनात म्हणतेय, लवकर काय ते सांगा, मला जायचंय. शेवटची पोरं फाटकाबाहेर गेली तेव्हा हळूच म्हणाले,
"बाई, मना वाचाला येत नाय. सही येते फक्त. पोरीला म्हाईत नाय."
माझा मेसेजही बायकोनेच वाचून दाखवला होता. त्यांचं म्हणणं, मी गोष्ट फोनवर बोलून पाठवावी, ते पाठ करतील आणि पुस्तक समोर धरून पोरीला सांगतील.
रिकाम्या वर्गात बसून बोलले, पाठवलं. पान संपलं की थांबत गेले, म्हणजे उलटायचं कळेल. हे बरोबर की चूक, विचार करायला डोकं शिल्लक नाही.

२१ जुलै, सोम.
तनयाला गोष्ट पाठ. पुस्तक धरून घडाघडा म्हणते. वाचत नाही, बोट भलतीकडेच असतं. पण पुस्तक कुठून उघडायचं, डावीकडून उजवीकडे जायचं, लिहिलेलं रोज तेच राहतं, बदलत नाही, हे तिला कळलंय. प्रशिक्षणात या सगळ्याला मोठमोठी नावं सांगतात. दुसरीतल्या काहींना अजून एवढंही…
हरेश रोज सांगतात गोष्ट. कामावरून कितीही दमून आले तरी. तनयानेच सांगितलं. बाबा आवाज काढतो म्हणे, खेकड्याचा वेगळा आणि शंखाचा वेगळा.

२५ जुलै, शुक्र.
आज तनयाचं बोट 'खेकडा'वर अडलं. खिडकीतला ख, म्हणाली. मग स्वतःच, "इथं चिंबोरी नाय लिवलाय. खेकडा लिवलाय."
कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्यासाठी तर शिकवतो आपण. आनंद झाला, खरंच झाला. घरी येताना मात्र हरेश डोळ्यांसमोर. आता तिला दिसायला लागलंय.

२८ जुलै, सोम.
झालंच. तनयाच्या बाबाने दोन पानं एकदम उलटली आणि मधल्या पानावरचं बोलत राहिला. ती म्हणाली, बाबा, या पानावर तसं नाही. वर्गाला हसत हसत सांगत होती, तिला ते गमतीचं वाटलं. बाबा चिडला, पुस्तक मिटून टाकलं. पुस्तक आज प्लास्टिकच्या पिशवीत परत. दुसरं देऊ लागले तर हात मागे घेतला. बाबा नको बोलला म्हणे.
त्यात सरांना व्हिडिओ हवाय, वडील मुलीला वाचून दाखवतायत असा. वर पाठवायचा. तनयाच्या वडिलांना बोलवा, मुलगी छान तयार झालीय, म्हणाले. मी म्हटलं, ते शिफ्टला असतात. सरांनी तोंड वाकडं केलं. करू देत.

१ ऑगस्ट, शुक्र.
स्टॉपवर हरेश भेटले. कंपनीच्या बसची वाट बघत होते. नजर चुकवली, पण जाणार कुठे. पुस्तक बंद का केलं, विचारलं. पोरीला आता बाबाचं बोट धरून अक्षरं दाखवायची असतात, म्हणाले. तिला वाटतं बाबा मुद्दाम चुकतो, खेळ आहे.
"आज खेळ वाटते तिला. उद्या कलंल, तवा?"
मी म्हटलं, उद्या शनिवार, शाळा लवकर सुटते. पोरगी गेल्यावर या, मी बसते तुमच्याबरोबर. बोलले आणि लगेच वाटलं, आठवड्याची एक अर्धी सुट्टी, तीही दिली. "बगतो," म्हणाले. बस आली.

२ ऑगस्ट, शनि.
थांबले. आले नाहीत. मोठ्या माणसाला कुठून सुरुवात करायची, तेही मला ठाऊक नव्हतंच. तरी फळ्यावर त्यांचं नाव लिहून ठेवलं होतं. पुसलं. पाय ठणकतायत.

५ ऑगस्ट, मंगळ.
खिचडीच्या सुट्टीत तनया टेबलाशी येऊन उभी राहिली. जेवली नव्हती.
"बाई, बाबाला वाचाला येतं का?"
मी म्हटलं, अगं, त्यांनाच विचार ना.
"इचारला. तो बोलला, बाईंना इचार."
तिच्या आवाजात कुरकुर नव्हती, राग नव्हता. विचारलं आणि वाट बघत उभी राहिली. त्यांनी खरं सांगायचं माझ्यावर टाकलंय की झाकायचं, ते मला कळेना. म्हटलं, आधी जेवून घे.
गेली, पटापट जेवली, आणि ताट धुऊन परत येऊन उभी.