बाटली रिकामी परत देऊ नये

नांदेड,
एप्रिलातली एक रखरखीत दुपार

तीर्थरूप केवळाक्काच्या पायांवर नांदेडहून धाकट्या रामलिंगचं डोकं. (डोकं खरोखरच पाठवता आलं असतं तर पाठवलं असतं. पुढे वाचशील तेव्हा कळेल की सध्या या घरात त्याला फारसं काम उरलेलं नाही.)

दाजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, जिना चढायचा नाही आणि चढलाच तर निदान ते तुला सांगायचं नाही. तुझी शुगर कशी आहे? काकवीची चव बघायच्या निमित्ताने तू बोटं किती चाटतेस हे तुझ्या भागवतने मला कळवलं आहे. त्याला रागावू नकोस, पोरगा काळजीनेच बोलला. इथे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे रविकिरण बँकेत मजेत, सूनबाई ऋतुजा तिच्या कॉलेजात मजेत, आणि मी खुर्चीत. तुला वाटेल, हा फोन करायचं सोडून पत्र का लिहून राहिला? तर आक्का, फोनवर तुझ्या मनाविरुद्ध काही बोललं की तू "हाव, हाव" म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राचं तसं नाही. ते ठेवलं तरी पुन्हा उचलून वाचावं लागतं, आणि आज मला तुझ्या मनाविरुद्धच बोलायचं आहे.

तर तू निलंग्याहून लालमहंमद कंडक्टरच्या हाती पाठवलेली काकवीची बाटली पोचली. पोचली म्हणजे काय, घरभर पोचली. लालमहंमद माणूस लाखाचा, आपल्या दोघांच्या बाटल्या तो कितीतरी वर्षं इमानाने नेतो-आणतो. पण त्या दिवशी गाडीत लग्नाची गर्दी, म्हणून त्याने बाटली ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या टपावर ठेवली. निलंगा ते नांदेड, एप्रिलचं ऊन वरून आणि इंजिन खालून. बाटली हातात देताना तो म्हणालासुद्धा, "रामलिंगभाई, ये आज जरा फुगल्यावानी दिसून राहिली, संभालके." मला वाटलं, आक्काने यंदा सढळ हाताने भरली असेल.

नेमके त्याच दिवशी आमचे व्याही संगमेशअप्पा लातूरहून आले होते. तू त्यांना लग्नात पाहिलंस, पांढराशुभ्र सदरा, कपाळाला भस्म, आणि चहासुद्धा नशा समजून न पिणारे. संध्याकाळी त्यांचं इथल्या व्यसनमुक्ती मंडळात व्याख्यान होतं. मी कौतुकाने म्हटलं, अप्पा, आमच्या आक्काची काकवी चाखा, अशी लातुरात मिळायची नाही. आणि झाकणाला जेमतेम हात लावला. आक्का, झाकण पंख्यावर आदळून कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही. काकवी मात्र सगळी सापडली. निम्मी भिंतीवर, निम्मी अप्पांच्या सदऱ्यावर, आणि दोन थेंब भस्मावर. वर तिला असा काही आंबूस, गावठी गुत्त्यासारखा वास सुटला होता की अप्पा जागच्या जागी थिजले. माझे सदरे त्यांना बसेनात, तेव्हा तोच सदरा धुऊन, ओलाच अंगात घालून ते व्यसनमुक्तीवर बोलायला गेले. वास काही धुऊन गेला नव्हता. पुढच्या रांगेतली माणसं एकेक करून मागे सरकत गेली असं रविकिरणने येऊन सांगितलं. व्याख्यान मात्र फार भावनेने झालं म्हणे.

इथवर हसण्यावारी होतं. पण दुसऱ्या दिवशी ऋतुजाने फडताळ उघडलं. ती बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते, हे मला ठाऊक होतं. ते शास्त्र माझ्या फडताळापर्यंत येईल हे ठाऊक नव्हतं. तिने तुझ्या सगळ्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. तुपाची, करडईच्या तेलाची, लोणच्याची. म्हणाली, "अण्णा, ही बाटली एकदा पाणी प्यायचं आणि टाकून द्यायची, एवढ्यासाठीच केलेली असते." आपण तर एकेक बाटली घरातल्या माणसासारखी नांदवली. ती सांगत गेली, मी ऐकत गेलो. अशा बाटलीत कढत काही ओतलं, उन्हात ठेवलं, तेल-तूप-खार महिनोन्‌महिने मुरवला की प्लास्टिकातलं थोडं थोडं त्यात उतरू शकतं. (तू कढत तूप ओतलंस की बाटली कमरेत मुरडून बसते ना? मी त्याला तिचा नखरा म्हणायचो.) आतून ओरखडे पडतात, गळा अरुंद, हात जात नाही, मग आपण तांदूळ घालून खळखळवलं तरी ओरखड्यातली घाण तिथेच. आणि तुपाला येणारा तो संत्र्याचा वास! रविकिरण लहानपणी दुसरं तूप खातच नसे, "आत्याचं संत्र्याचं तूप पायजे" म्हणून ताटावर अडून बसायचा. तो वास गाईचा नव्हता, आक्का. आधी बाटलीत भरलेल्या लाल-पिवळ्या सरबताचा होता.

मी वाद घातला. तुझा भाऊ आहे, वाद न घालता कसा राहीन? पण मग तिने तेलाची बाटली उलटी केली. कागद खरवडून काढलेला, पण एका कोपऱ्यात पिवळा त्रिकोण राहिला होता. तो मला ओळखू येतो. तुरीवर फवारायच्या औषधाच्या बाटलीवर असतो तोच. तू जाणूनबुजून तिच्यात तेल घातलं नसशील, मला माहीत आहे. शेतातून आलेली बाटली धुऊन कुणीतरी ओळीत ठेवली असेल आणि तू नेहमीसारखी भरली असशील. ते तेल मी तोंडाला लावलेलं नाही. बाटलीसकट बाजूला ठेवलं आहे, कुणाच्या हाती लागणार नाही असं. तुझ्याही घरातल्या बाटल्या एकदा नीट बघ. भागवतलाही बसव. हे मात्र मी गमतीने लिहीत नाही.

मग मी ऋतुजाला आईचं सांगितलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या किल्लारीच्या घरातल्या त्या चिनीमातीच्या बरण्या तुला आठवतात? खाली पिवळसर, वर तपकिरी, आणि आई त्यांना दादरा बांधायची तो तिच्या जुन्या लुगड्याचा. भूकंपानंतर ढिगारा उपसताना आपल्याला त्यांच्या खापऱ्याच मिळाल्या, मातीत कालवलेल्या लोणच्याच्या फोडींसकट. आई त्या दिवशी रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता फुटंल असं काय बी घरात नको गं बाई." तू निलंग्याहून पत्र्याच्या शेडात तिला भेटायला आलीस, आणि निघताना लेकीला मोकळ्या हाताने वाटेला कसं लावायचं म्हणून तिचा जीव कासावीस झाला. मदतीच्या ट्रकातून आलेली पाण्याची एक बाटली रिकामी झाली होती. तिच्यात तिने मदतीतलीच तूरडाळ भरली आणि तुझ्या पिशवीत घातली. माहेर उरलं नव्हतं, पण माहेरची डाळ तुझ्यासोबत गेली. मला तो बसस्टँड, तुझी पाठमोरी पिशवी, सगळं काल घडल्यासारखं दिसतं.

आणि मग तू ती बाटली परत कशी देणार? आपल्यात भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. तू काकवी भरून पाठवलीस, आईने शेंगदाणे भरून, तू तूप, आईने तिळाची चटणी. आई गेली, तिची जागा मी घेतली. एकीच्या कितीतरी झाल्या, पण एकही टाकता आली नाही, कारण आपल्या दोघांपैकी कुणाचीच बाटली कधी रिकामी झाली नाही. हे ऐकून ऋतुजाने ओट्यावरची तुपाची बाटली उचलून जवळ घेतली. मग म्हणाली, "आत्याबाईंचं तूप नको असं मी म्हणतच नाही अण्णा. बाटली तेवढी नको." आणि डोळे पुसायला आत गेली. (मला वाटतं डोळेच. कांदाही चिरायचा होता.)

तर आक्का, सांगायचं ते इतकंच. यापुढे बाटलीतून काही पाठवू नकोस. पण पाठवायचं थांबूही नकोस. तुला राग येईल, तू "राहू दे, शहरवाल्यांना आमचं चालंना" म्हणशील आणि हात आखडशील, याच भीतीने मी आठ दिवस हे पत्र लिहून राहिलो आहे. लालमहंमदच्या हातून काही आलं नाही तर मी त्या बसस्टँडवर कशाला जाऊ? झाकणाच्या स्टीलच्या दोन किटल्या पाठवल्या आहेत, एकीत इथली हळद आहे, दुसरीत खजूर. रिकाम्या नाहीत. दाजींना नमस्कार, भागवतला आशीर्वाद.

तुझा भिंत पुसत बसलेला भाऊ,
रामलिंग

ता. क. लोणच्याच्या बाटल्या अर्ध्यात कापून ऋतुजाने त्यांत मोगरा लावला आहे. मोगऱ्याला अजून तरी मोहरीचा वास येत नाही.

ता. क. खरं कारण वर लिहायचं राहिलं, किंवा लिहायला लाज वाटली म्हण. ऋतुजाला दिवस गेले आहेत. म्हणून ती फडताळाच्या मागे लागली होती आणि मला वेड्याला वाटलं शास्त्रापायी. तिला डोहाळे कसले लागले असतील? तुझ्या तुपाचे. तेव्हा तूप पाठवूच नकोस. तूच ये. लोणी इथे मिळतं, कढई आहे, काचेची बरणी नवी आणली आहे. कढव तू, आणि बाळंतपण होईपर्यंत राहा. दाजींचा गुडघा सोबत आण.

ता. क. पत्र पावसापाण्यात, म्हणजे लालमहंमदच्या चहात भिजू नये म्हणून गुंडाळून बाटलीत घातलं आहे. ओळखलीस ना? तीच, शेडातली. पिवळी पडली आहे, कमरेत बसली आहे, पण तिने माझ्याकडे इतकी वर्षं काढली. पत्र खायचं नसतं, तेव्हा चालतं, असं ऋतुजा म्हणाली. येताना ही बाटलीही घेऊन ये, आणि रिकामी आणू नकोस. तुरीचे चार दाणे घाल आणि झाकण घट्ट लाव. बाळाला खुळखुळा होईल, त्याच्या पणजीने दिलेला. हे मात्र ऋतुजाला मी अजून विचारलेलं नाही.