मोजणीच्या खांबापुढच्या चारशे फेऱ्या

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? चढावर दम लागतो का? तोल वगैरे जात नाही ना? (मामी म्हणतील, वर्षभर पत्ता नाही आणि आज एकदम गुडघ्यावर आला. पण काळजी वाटते, म्हणून विचारतो.) आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे बायको खुशाल आहे. माझं सविस्तर सांगतो.

मला बढती मिळाल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. नगरपालिकेने शहरातल्या लोकांना पायी आणि सायकलवर आणण्यासाठी नवा कक्ष काढला आणि मला त्याचा प्रमुख केलं. कक्षात मी एकटाच आहे, पण खिडकी आहे. (पंधरा वर्षं तळघरात बसून गटारांच्या तक्रारी लिहून घेतलेल्या माणसाला खिडकीचं किती अप्रूप असतं, ते तुम्हाला काय सांगू. मी रोज डबा खिडकीत ठेवून खातो.) माझीच निवड का, तर अर्जातल्या 'वाहन' या रकान्यात मी 'नाही' असं लिहिलं होतं. अख्ख्या कार्यालयात तसं लिहिणारा मी एकटा निघालो. मोठ्या साहेबांना वाटलं, हा तत्त्वाचा माणूस दिसतो. आता मला साधी सायकलसुद्धा येत नाही, हे त्यांना कोणी सांगावं? तुम्ही माझ्यामागे कॅरियर धरून तीन सुट्ट्या धावलात, त्यात बारीक तेवढे तुम्ही झालात.

तर कार्यालयासमोरून सायकलींसाठी हिरवा पट्टा आखला आहे आणि त्याच्या कडेला एक खांब आहे. समोरून चाकं गेली की खांबावरचा आकडा वाढतो. रोज चारशे भरले नाहीत तर मार्ग बंद, तिथे मोटारी उभ्या करणार आणि मी परत तळघरात. पहिल्या दिवशी आकडा आला तीन. त्यातली एक बाबागाडी होती आणि उरलेले दोन म्हणजे एकच माणूस, तो रस्ता चुकून आला आणि परत गेला. मग मी शिपायाची सायकल मागून घेतली, नियम म्हणून हेल्मेट घातलं आणि सायकल हाताने धरून खांबापुढून ढकलत नेली. खांबाने एक मोजला. परत आणली, दोन झाले. संध्याकाळपर्यंत चारशे बारा फेऱ्या मारल्या आणि घरी येऊन बादलीत पाय घालून बसलो.

इथवर ठीक होतं. पण साहेबांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, फारच गर्दी आहे, काहीतरी करायला हवं. दुसऱ्या आठवड्यात तिथे सिग्नल लागला. (मी एकटा लाल दिव्याला थांबतो. मागे कोणी नसतं, तरी थांबतो.) मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जाणारे आणि येणारे अगदी सारखे आहेत, धडक होईल, म्हणून मध्ये कमरेएवढा दुभाजक बांधला. आता दर फेरीला सायकल उचलून पलीकडे न्यावी लागते. मग हवालदार आला. त्याने पहिल्याच दिवशी माझी पावती फाडली, कारण सायकलमार्गावर पायी चालायला मनाई आहे. पदपथावर गेलो तर तिथे सायकल आणायला मनाई आहे. दोन्ही नियमांखाली सही माझीच, त्यामुळे हुज्जत घालता येईना.

आता खरी पंचाईत ऐका. खांबावर कॅमेरा आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात साहेबांना एकच माणूस पुन्हापुन्हा दिसला. फोटोत हेल्मेट आणि नाक एवढंच आलंय. तो मीच, हे साहेबांना कळलं नाही; ते भारावून गेले. सोमवारी सकाळी नऊला या आदर्श सायकलस्वाराने पुढे सायकल चालवायची आणि मागून साहेब व सगळे खातेप्रमुख येणार, असं ठरलंय. त्याला हजर करतो म्हणून मी मान हलवून आलो. खिडकीसाठी माणूस काय काय करतो.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा, निदान सोमवारपर्यंत.

तुमचा भाचा

ता. क. – सोमवारी आठलाच पोहोचा. हेल्मेट घातलं की तुमच्या-माझ्यात फरक उरत नाही, नाक तर आजोळचंच आहे. दोनच किलोमीटर चालवायची आहे. मी तेवढा वेळ कार्यालयाच्या स्वच्छतागृहात बसेन.

ता. क. दुसरा – चढ फक्त एकच आहे.

ता. क. तिसरा, सूनबाईकडून – मामा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. अजिबात येऊ नका. आमच्या शिवणकारखान्याची बस दोन-दोन तास येत नाही, म्हणून महिनाभर मी त्याच मार्गाने सायकलवर जाते. हे मान खाली घालून फेऱ्या मोजत असतात, मला ओळखतसुद्धा नाहीत. परवा म्हणाले, "बाई, जपून जा, इथे फार गर्दी असते." माझं पाहून कारखान्यातल्या अकराजणींनी सायकली काढल्या. सोमवारी साहेबांच्या पुढे आम्ही बाराजणी जाणार आहोत, मी कार्यालयात तसं कळवलंय. बाराजणींच्या जाऊन-येऊन चोवीस होतात. उरलेल्या तीनशे शहात्तर यांना ढकलू द्या, पोट कमी होतंय.