‘विंटर पार्किंग’चा कमबॅक

४ ऑक्टोबर, शनिवार. नेपरव्हिल.
आजपासून रोजनिशी. कारण तसंच ऐतिहासिक आहे. आमचा बँड परत येतोय!
‘विंटर पार्किंग’. सिंथपॉप जोडी, शिकागो, २००४ ते २०१०. कीबोर्डवर मी. गाणं आणि बाकीचं धम्मदीप. (बाकीचं म्हणजे शब्द, चाली, ड्रम मशीन. पण कीबोर्ड हा कणा.) दोन ईपी, एक अल्बम, मिलवॉकीत एकदा वन्स मोअर. एका पेपरने लिहिलं होतं, की यांच्या दुःखावर थंडीत नाचता येतं. कात्रण शोधणे.
बँड फुटला तो कलात्मक मतभेदांमुळे. म्हणजे मला ऑफिसात मॅनेजर केलं आणि शनिवारी सॉफ्टवेअरचे रिलीज असायचे.
शिकागोतल्या एका क्लबने जुन्या बँड्सची नाइट ठेवलीय, २२ नोव्हेंबरला. धम्मदीपने जॉर्जियातल्या अल्फारेटाहून ईमेल केली. चार-पाच वर्षांनी पहिलीच. अट एकच: ‘फाइव्ह मिनिट्स रिमेनिंग’ मूळ आवाजातच व्हायला हवं. सॅम्पलर तुझ्याकडेच आहे ना?
मी लिहिलं, अर्थात! जिवापाड जपलाय. (सॅम्पलर म्हणजे आवाज साठवून हवा तसा वाजवायचं मशीन.)
बेसमेंटमध्ये ख्रिसमस ट्रीच्या खोक्याखाली आहे बहुतेक.

५ ऑक्टोबर, रविवार
सापडला. वर फक्त एक ट्रेडमिल होती.
ते गाणं म्हणजे आमचं सगळं करिअर. धम्मदीप तेव्हा दर रविवारी कॉलिंग कार्डवरून नागपूरला आईंना फोन करायचा. (कार्ड संपत आलं की मध्येच सूचना यायची, फाइव्ह मिनिट्स रिमेनिंग. नाव तिथलं.) एकदा त्याने त्यांचा आवाज सॅम्पलरमध्ये घेतला. काहून रे, जेवला नाही का अजून? मग त्याचे तुकडे केले, एक खाली उतरवला, एक वर चढवला, खाली ड्रम मशीन, वर माझे दोन सूर. (दोनच, पण नेमके.) अर्थ न कळता अमेरिकन पोरं हात वर करून काहून रे, काहून रे ओरडायची. आई फोनवर माझीही चौकशी करायच्या. तो पुण्याचा पोरगा नीट खातो का, म्हणून. डिंकाचे लाडू पाठवायच्या, दोघांसाठी दोन वेगळे डबे.
आई आता नाहीत. २०२१ला जुन्या ग्रुपवर कळलं. एकोणतीस मेसेज होते, वरचे दोन वाचले आणि लगेच हात जोडलेला इमोजी टाकला. फोन करणारच होतो. तेव्हा किचनचं रिमॉडेलिंग निघालं. मग उशीर झाला. मग इतका उशीर झाला, की आता फोन करणं बरं दिसलं नसतं.
असो. तो आवाज जगात या एका मशीनमध्ये आहे. जबाबदारी मोठी आहे, पण माणूसही योग्य आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी तीन.
मशीन चालू केलं. स्क्रीनवर एरर. यूट्यूबवर एका टकल्या सद्गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. त्याने सांगितलं ते बटण दाबलं. मशीनने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.
एरर गेली. बाकीचंही सगळं गेलं.

त्याच दिवशी, चार वाजता
सगळी बटणं दाबून पाहिली. शून्य. आईंचा आवाज नाही. त्या बाईंनी मला लाडू पाठवले आणि मी त्यांना पुसून टाकलं. मीराने खालून कसला आवाज येतोय म्हणून विचारलं. मी म्हटलं, फ्यूज. नवरा-बायकोत इतकं चालतं.
डिस्कवर कॉपी होती. २०१६च्या गराज सेलमध्ये दिली. मीच दिली.
ठरलं. उद्या सकाळी नऊला धम्मदीपला फोन. सरळ कबूल करायचं.

१२ ऑक्टोबर
नऊला केला नाही. रविवारी माणसं झोपतात. दहाला केला नाही, कारण अल्फारेटात अकरा वाजलेले, अंघोळी चालतात. साडेअकराला त्याचाच मेसेज आला. सॅम्पलर कसा आहे? मी लिहिलं, एकदम फर्स्ट क्लास चालतोय. हे शब्दशः खरं आहे. इतका चांगला तो कधीच चालत नव्हता.
जेवण गेलं नाही. दुपारी चिप्स खाल्ले, ते वेगळं.

१८ ऑक्टोबर
प्लॅन ए. अल्बममधून आवाज वेगळा काढायचा. हल्ली त्याचं ॲप असतं. अनयाने लावून दिलं. (मुलगी. अकरावीत.) आईंच्या आवाजाला ड्रम मशीन असं चिकटलंय, की निघाला तो आवाज प्रेशर कुकरमधून बोलल्यासारखा. अनया इंग्लिशमध्ये म्हणाली, की बाबा, जस्ट सांगून टाका ना त्याला. या पिढीला गुंतागुंत म्हणून कळत नाही.

२१ ऑक्टोबर. दिवाळी पार्टी.
प्लॅन बी सापडला, फराळाच्या रांगेत. कांचन काकू! रिटायर्ड डॉक्टर, वय अठ्ठ्याहत्तर, मूळ नागपूर. चकली घेताना सहज कुणाला तरी काहून म्हणाल्या आणि माझ्या अंगावर काटा आला.
ही फसवणूक नाही. रिस्टोरेशन आहे. म्यूझियमवाले करतातच.

२५ ऑक्टोबर
काकूंकडे माइक घेऊन गेलो. पहिले चौदा टेक वाया. पेशंटला विचारतात तसं विचारत होत्या. एकदा तर पुढे, भूक किती दिवसांपासून नाही, असंही विचारून झालं. शेवटी त्यांनी विचारलं, हे आहे तरी कुणासाठी? मी सांगितलं, मित्राची आई गेली, त्यांची आठवण म्हणून. काकूंचे डोळे भरले. पंधरावा टेक अप्रतिम आला.
मग म्हणाल्या, तू गेला होतास का रे त्याच्याकडे तेव्हा?
मी म्हटलं, काकू, लेव्हल जरा परत चेक करू.
घरी येताना गाडी उगाच दोनदा ब्लॉकभोवती फिरवली. लाज वाटत होती. फाइल मात्र नीट सेव्ह केली, दोन ठिकाणी.

१ नोव्हेंबर
झालं! फोनची खरखर घातली, वरचे सूर कापले, थोडा फिल्टर. डोळे मिटले की साक्षात २००५. धम्मदीप रिहर्सलसाठी फाइल मागतोय. पाठवायची नाही. काही झालं तरी माणसाला तत्त्वं असतात.

२ नोव्हेंबर
पाठवली. सोबत लिहिलं, आईंचा आवाज, जसाच्या तसा, तुझ्यासाठी.
‘जसाच्या तसा’ नको होतं लिहायला.

६ नोव्हेंबर
चार दिवस उत्तर नाही. रडत असेल बिचारा. आईंच्या फोटोसमोर बसून कांचन काकूंचा आवाज ऐकत असेल. किती नीच माणूस आहे मी! ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, सुमंत, यू ओके? मी म्हटलं, ॲलर्जी.
रविवारी फोन. या वेळी नक्की. मुद्दे कागदावर काढलेत. पहिला मुद्दा: तंत्रज्ञान कसं बेभरवशाचं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार
फोन केला. कागद बाजूला ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बटण, टकल्या, काकू, पंधरा टेक. म्हटलं, तुझ्या आईची शेवटची खूण मी पुसली, यार, मला माफ कर. खरंच रडलो. मीरा जिन्यात येऊन उभी राहिली.
धम्मदीप म्हणाला, की तो आवाज आईचा नाही हे कळलंच होतं. आईनेच सांगितलं. ऐकलं आणि म्हणाली, ही कोण बाई आहे?
मी विचारलं, कुठली आई?
त्याने सांगितलं, की आई जूनपासून त्यांच्याकडेच आहे. आत्ता समोर मटार सोलतेय. २०२१ला त्याच्या सासूबाई गेल्या. ग्रुपवर तसं नीट लिहिलं होतं.
मला इतका आनंद झाला! म्हटलं, अरे, मग प्रॉब्लेमच सुटला! त्या परत म्हणतील, अर्ध्या मिनिटाचं काम! तो म्हणाला, हो, आवाजाचं काय, आवाज होऊन जाईल. शोचंही तो बघून घेईल. त्याच्या ऑफिसातला एक मुलगा कीबोर्ड चांगला वाजवतो.
मग त्याने विचारलं, की मला कधीपासून वाटत होतं आई गेली म्हणून. मी म्हटलं, २०२१. तो म्हणाला, म्हणजे चार वर्षं तुला वाटत होतं माझी आई गेलीय. आणि तू एक फोन केला नाहीस.
किचनचं रिमॉडेलिंग ओठांवर आलं होतं. सांगता आलं नाही.
मागून आईंचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, काकूंसारखा अजिबात नाही. कोणाचा फोन आहे, म्हणून विचारत होत्या.
तो म्हणाला, ओळखीचा आहे एक.