झेंड्याची दोरी

प्रिय नाना,

तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, लेकीने कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितेय, कारण आज सव्वीस जानेवारी, आणि तुमचा पुढे केलेला हात सकाळपासून माझ्यासमोरून हलत नाही.

मी आता नाशकात इंदिरानगरच्या शाळेत शिकवते. झेंडा अजून मीच बांधते, आत झेंडूच्या पाकळ्या घालून. आज पाहुणे म्हणून इथले एक पुढारी आले होते. त्यांची दोन घरं. दोघी बायका पहिल्या रांगेत शेजारी-शेजारी! मी हेडसरांकडे नुसतं पाहिलं, तर म्हणतात, "अहो बाई, तो त्यांचा खासगी मामला. कामं करतात ना?" आणि मी त्या पुढाऱ्यांना दोन्ही हातांनी दोरी दिली. वर मी हसलेसुद्धा, नाना!

दहा वर्षांपूर्वी चांदवडजवळच्या आपल्या गावात तुम्ही सरपंच होतात, मी तिथल्याच शाळेत नवी बाई. नामपूरला तुमचं दुसरं घर आहे हे नुकतंच गावभर झालं होतं. आई चुलीपुढे बसून रडायची. त्या सव्वीस जानेवारीला तुम्ही नेहमीसारखा हात पुढे केलात.

"शके, दोरी दे ना. लोकं बघून राह्यले."

मी तुमच्याकडे पाहिलंही नाही. दोरी उपसरपंचांच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी तुम्ही राजीनामा दिलात. गावात नळ आणणारा, कुणाच्या फुकट चहालाही न शिवणारा माणूस! पुढची दोन वर्षं ओट्यावर बसून काढलीत. एकदा तरी रागवायचंत माझ्यावर! का नाही रागावलात?

तुम्ही चुकलात, नाना. आईचं रडणं मी विसरलेले नाही. पण खरी मी कुठली, तेव्हाची की आजची? टाळ्या तर दोन्ही वेळा वाजल्या.

तुमच्या दहाव्याला नामपूरच्या सुमनबाई आल्या होत्या, तिकडे राहिलेला तुमचा चष्मा घेऊन. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. चष्मा मात्र ठेवून घेतला.

येत्या रविवारी मी नामपूरची एसटी धरणार आहे, आईला सांगून. चष्मा त्यांना परत देईन, आणि त्या आत ये म्हणेपर्यंत दारातच उभी राहीन. नाहीच म्हणाल्या, तरी उभी राहीन.

आता तरी हात खाली घ्या, नाना.

तुमची,
शकू