चौथी बुडी

मँटाय, यूटा

प्रिय पँटेलिस,

टेकडीवरचं मंदिर आज सकाळी पुन्हा धुक्यावर तरंगत होतं. मी तुझी कॉफी उकळली. आम्हा मॉर्मनांना ती वर्ज्य, म्हणून नुसता वास घेतला आणि सगळी जर्दाळूच्या मुळाशी ओतली. झाड बाटलं तुझ्यामुळे.

लोक माझ्याकडे बघून तुला विचारायचे, "मॉर्मन ना? त्यांच्यात म्हणे अनेक बायका करतात. मग बाकीच्या कुठायत?" तू म्हणायचास, "स्वयंपाकघरात, भांडतायत." आणि आमच्या प्रार्थनेला वाटलेला पाव नि पाणी बघून, "आमच्याकडे वाइन असते. तुमचा देव आजारी आहे का गं?"

तुला जाऊन वर्ष झालं. आता तुझ्या नावाने कुणीतरी मंदिरात बाप्तिस्म्याची बुडी घेतली, की आपली लग्नगाठ मरणापलीकडेही बांधता येईल. नाहीतर ती इथेच सुटली. तू म्हणाला असतास, "ग्रीक पाद्र्याने तान्हेपणीच तीनदा बुडवलंय. चौथ्यांदा सर्दी होईल!"

आमचे बिशप समजावतात, "आर्वा, बुडीसाठी त्याचं नाव देऊन टाक. मेलेल्या माणसालाही नको म्हणायची मुभा असते."

असेल. पण तू मला कधी नाही म्हणालास? म्हणून तर तुझ्या जिवंतपणी मी बुडीचं विचारलंच नाही.

तुझी एकुलती एक बायको,
आर्वा